चिलेशेंच्या आईची टोपली

ती. जगन्नाथकाका,

शारजाहून मंजूचा नमस्कार. अहो, तुम्ही चक्क पुस्तकात आहात! काल इथल्या बुक फेअरमध्ये झांबियाच्या एका लेखकाची कादंबरी घेतली, स्वतःच्या लहानपणाची आणि मिशनच्या शाळेची. चाळते तर काय, काळी छत्री घेऊन गणित शिकवायला येणारे इंडियन सर! गाव तेच, शाळा तीच, नावसुद्धा तुमचंच. मी ओरडलेच. सिद्धांत म्हणाला, "मम्मा, यल्ला, चल ना, एव्हरीवन इज लुकिंग."

लेखक चिलेशे समोरच सह्या देत होते. मी पुतणी म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मग हळूच विचारलं, "माझ्या आईनं सरांसाठी टोपलीभर खायला आणलं होतं. त्यांनी हातही लावला नाही. का?" पुस्तकात त्यांनी लिहिलंय, आईचे हात काळे होते म्हणून.

तुम्ही नेहमी सांगायचात ती टोपलीची गोष्ट मला पाठच आहे! म्हटलं, "छे हो, त्या दिवशी काकांची संकष्टी होती, उपास!" त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाले, "पन्नास वर्षं मी चुकीचं समजलो. पुढच्या आवृत्तीत ते पान बदलतो."

कित्ती आनंदात घरी आले मी! चहा टाकला आणि ते पान नीट वाचलं. टोपलीत भाजलेली रताळी होती.

चिलेशेंचा नंबर समोर आहे. त्यांना फोन करायचा धीर होत नाही, हे पत्र पाठवायचाही नाही.

काका, रताळी तर आपल्याला उपासाला चालतात.

तुमचीच,
मंजू