मेधाचं "सॉरी काकू"

पिनर, शनिवार, १२ नोव्हेंबर १९८८

आमच्या कॉलेजच्या आम्ही जुन्या विद्यार्थिनी लहान गावातल्या मुलींची तिथल्या प्रवेशाच्या इंटरव्ह्यूची तयारी करून घेतो. आज नॉरफोकहून मेधा आली होती, तिथल्या डॉक्टर साठ्यांची मुलगी. हुशार आहे. पण मी मुद्दाम म्हटलं, "माणसाच्या हृदयाला तीनच कप्पे असतात," तर हिने मान डोलावली.

"चूक आहे हे कळलं नाही तुला?"

"कळलं, काकू. पण तुम्ही मोठ्या आहात."

आपणच शिकवलंय हे मुलींना. इंटरव्ह्यूत प्रोफेसर मुद्दाम डिवचतात, आणि गप्प बसली तर जागा गेली. गेल्या वर्षी अशीच एकीची गेली.

मग दुपारभर मी वाट्टेल ते ठोकून देत राहिले आणि तिला खोडून काढायला लावलं. खोडलं तिने, पण दर वेळी आधी "सॉरी काकू". चहासुद्धा दोनदा निमूट प्यायली. ते सॉरी मी घालवणारच. पुढच्या शनिवारी परत बोलावलंय.

संध्याकाळी स्टेशनवर सोडलं. गाडीत चढता चढता वळून म्हणाली, "काकू, तुमचा चहा जास्तच गोड होता."

सॉरी म्हणाली नाही.