मिरकरवाड्याला दिलेल्या खुर्च्या

बाईसाहेब, तुम्ही मला पहिल्यांदा ऐकलंत ते तुमच्या मागीलदारी. आमच्या मिरकरवाड्यातून, खारव्यांच्या वस्तीतून, आणलेली मासळीची पाटी उतरवून आई तुमच्या स्वयंपाकीणबाईंना सुरमई कापून देत होती आणि मी विहिरीपाशी बसून गात होते. वर गच्चीत कलेक्टरच्या मडमेबरोबर तुमचा चहा चालला होता. तो तसाच टाकून तुम्ही धावत खाली आलात. "कोण गातंय?" आई घाबरली. "चुकला बायसायेब, गप करते तिला." "गप केलंस तर तुझी मासळी बंद!" म्हणालात, आणि हसलात.

गावातली पहिली मोटार तुमची, घरची गलबतं कराचीपर्यंत जाणारी. तुमच्या मेजवानीचं बोलावणं न आलेला माणूस आठवडाभर तोंड लपवून हिंडे. पण तुमचा जीव गाण्यात. मिरजेहून बुवांना आणून तुम्ही बंगल्यावर ठेवलंत, मला त्यांच्यापुढे बसवलंत. मी तंबोऱ्याआड तोंड घालून गाते आहे आणि तुम्ही दारातून कडाडता, "आवाज कुणापासून चोरतेस? वाऱ्यात होडीला हाक मारतेस तशी गा!"

मग तुम्ही जांभ्या दगडाचं नाटकगृह बांधलंत आणि पहिलं गाणं माझं ठरवलंत. बातमी फुटताच गावची बडी मंडळी तुमच्या दिवाणखान्यात येऊन बसली. मी दाराआड होते. त्यांच्यातले वडीलधारे वकीलसाहेब म्हणाले, "खारव्याची पोर वर बसणार आणि आम्ही खाली? आमच्यातला एकही यायचा नाही." तुम्ही शांतपणे पानाचं तबक पुढे केलंत. "नका येऊ. तुमच्या खुर्च्या मी मिरकरवाड्याला देते."

ते उठून गेले. ज्यांच्यात तुमची ऊठबस, तीच ही माणसं. तुम्ही तबक बाजूला सारून माझ्याकडे वळलात. "गाशील ना गं?"

"गाईन."

त्या संध्याकाळी मिरकरवाडा ओस पडला. पहिल्या रांगेत आई, अबोलीचा वळेसर माळून, खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेली. पडदा वर जातो. मी गाते. दुसऱ्या चीजेला मागची दारं किलकिली होतात आणि एकेक पगडी आत सरकते. बसायला जागाच नाही! गाणं संपलं तेव्हा टाळ्यांनी कौलं खाली येतात की काय असं वाटलं. आई खुर्चीवर चढून ओरडली, "माजी पोर हाय ती!" आणि दुसऱ्याच दिवशी वकीलसाहेबांच्या पत्नी लेकीला घेऊन तुमच्या दारात. "हिलाही बुवांकडे बसवाल?"

पुढे मी गावोगाव गायले. आता शिकवते. तुमच्या नाटकगृहात मुली गातात आणि ते नवल आहे असं कुणाला वाटतसुद्धा नाही.

हे पत्र टपालात जायचं नाही, माझ्या पेटीतच राहील. पण एक सांगून टाकते. त्या संध्याकाळी मी देवाचं ध्यान करून गायले, असं सगळ्यांना सांगत आले. कसलं ध्यान! वकीलसाहेब मागच्या भिंतीला टेकून उभे होते, नको नको म्हणत त्यांची मान डोलत होती. मी त्यांच्याकडेच बघत गात होते, आणि बाईसाहेब, मला भारी मजा येत होती.