आईचा बाप्तिस्मा आणि वच्छलाबाईंची वाटी

नांदूरघाट

आदरणीय मामांना राजनंदिनीचा सलाम. प्रभूची शांती तुमच्या घरी राहो.

मामींचा गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे सगळे ठीक आहे, फक्त आई माझ्याशी बोलत नाही. कारण देवाची फुकटची कृपा. रागावू नका, सविस्तर सांगते.

आई वर्षानुवर्षे मंडळीच्या उपासनेत मागच्या चटईवर बसते, गाणी सर्वांत मोठ्याने म्हणते, पण बाप्तिस्म्याचा विषय निघाला की तिला तापत ठेवलेले दूध आठवते. (दूध आमच्याकडे सकाळीच तापते.) या खेपेस मी ठरवले की तिला समजावायचेच, घरातली पहिली पदवी कुठेतरी कामाला यावी. मी सांगितले, तारण आपल्या कर्मांनी मिळत नाही, जग घडायच्या आधीच देवाने आपल्याला निवडले. आई म्हणाली, "तवा तर मी जन्मलेबी नव्हते. काय बघून निवडलं?" म्हटले, काहीच न बघता. त्यावर ती चिडलीच. "मग शेजारच्या वच्छलाबाईला कावून न्हाई निवडलं? ती माझ्यापेक्षा लई चांगली हाय." (तुम्ही पाळक आहात, याचे उत्तर तुम्हीच कळवावे.)

मग माझ्या लक्षात आले, की तिची खरी अडचण फुकट घेण्याची आहे. वच्छलाबाईंची वाटी आमच्या घरातून कधी रिकामी परत गेलेली नाही. काही नसले तर आई चिमूटभर साखर तरी घालते. तुम्हीही त्याच घरचे, तुम्हाला काय सांगायचे. परवा त्यांनी आमटी पाठवली, आम्ही ती चाटूनपुसून संपवली, आणि आईला सवय लागावी म्हणून मी वाटी घासून मुद्दाम रिकामी देऊन आले. वच्छलाबाईंना वाटले आमटी बिघडली होती. त्यांनी संध्याकाळी पातेलेभर भाजी पाठवली.

ते पातेले घासताना आई एवढेच म्हणाली, "वच्छलाचं पातेलं मी भरीन. देवाच्या भांड्यात काय घालू, पोरी?" तेव्हापासून ती गप्प आहे.

तरी मी हटणार नाही. रविवारी बाप्तिस्मा द्यायला तुम्ही या. तिला आणण्याचे माझ्याकडे लागले.

तुमची भाची,
राजनंदिनी

ता. क. तुम्ही नाताळात फराळ पाठवलेला डबा बीडला येणाऱ्या सोमनाथबरोबर पाठवते. तो रिकामाच जाईल, असे मी आईला ठणकावून सांगितले आहे.

पुन्हा ता. क. डबा उचलला तर जड लागला. झाकण उघडण्याआधीच आई बोलली, "दादाला म्हणावं, रविवारी डबा रिकामा आण. त्याला जमलं तर मलाबी जमंल." मामा, हात जोडते. मामींनाही बजावून ठेवा. चिमूटभर साखरसुद्धा नको.