निरोग्यांच्या खोक्यातली नळी

ताई, तुला आणि आईला नमस्कार.

मी बरा आहे. जेवणाची आबाळ नाही, खोलीही उबदार आहे.

उदासीच्या आजारात मेंदूतली कुठली जनुकं गप्प होतात, जीव द्यावासा का वाटतो, हे आमची प्रयोगशाळा शोधते. तुलनेला निरोगी माणसांचं रक्त लागतं, म्हणून परवा मीही दिलं. नर्सने विचारलं, “घरात कोणाला हा आजार? कोणी जीव द्यायचा प्रयत्न केलाय?” सहकारी शेजारीच उभे होते. मी म्हणालो, “छे, कोणी नाही.”

मधुमेहासारखाच आजार, त्यात लाज कसली, असं तुला मीच ऐकवायचो. तू तर दूधवाल्यालाही सांगून मोकळी झालीस. परवा खोटं बोललो, तेव्हापासून माझी मान वर होत नाही.

आई अजून तुला खोलीचं दार उघडं ठेवायला लावते का? गोळ्या चालू आहेत ना? रागव हवं तर, पण उत्तर तुझ्या हाताने लिही.

आज सकाळी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना खरं सांगितलं. “कोण?” त्यांनी विचारलं.

“सख्खी बहीण.”

माझ्या रक्ताची नळी निरोग्यांच्या खोक्यातून काढून त्यांनी रुग्णांच्या भावंडांच्या खोक्यात ठेवली. तिथे नळीवर नाव लिहीत नाहीत. माझ्या नळीवर आता नुसतं ‘भाऊ’ लिहिलंय.

तुझा,
धाकटा