शेवटच्या मे महिन्याचं पाकीट

आई, तुझ्या पाणपिसवा जाग्या झाल्या. शेवटच्या मे महिन्याच्या पाकिटातल्या. त्याला आता तीन महिने होतील, आणि हे तुला सांगायचं म्हणून मी चारदा कागद घेऊन बसले आणि चारदा उठले. भर दुपार होती, मे महिन्यातलं कत्तिरीचं ऊन, तुझ्या भाषेत सांगायचं तर कावळासुद्धा तोंड उघडून बसतो तसलं. पाकिटातली माती काचेच्या बरणीत भिजवून तिसरा दिवस होता. तेवढ्यात वीज गेली. आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची घरघर सदा चालू असते, ती थांबली की कान एकदम उघडे पडतात. मी बरणीजवळ वाकले, तर गढूळ पाण्यात काहीतरी टुणकन उडलं. मग आणखी एक. तू दिलेलं भिंग अजून माझ्या पर्समध्ये असतं, ते लावलं. तिळाएवढा जीव, काचेसारखं आरपार अंग, आणि त्यात एकच काळा डोळा, सारखा थरथरणारा. बघता बघता दहा-बारा जमल्या आणि माझ्या बाजूच्या काचेला येऊन लागल्या. खिडकी माझ्या पाठीशी होती, उजेडाकडे त्या येतातच, हे मी पोरांना शिकवते. तरी मी एक पाऊल मागे सरले.

आणि पाण्यावर एक केस तरंगत होता. लांब, टोकाला मेंदीनं तांबूस झालेला.

माझ्या हाताखाली एक मुलगी पीएचडी करते, इथलीच, मैलापूरच्या तमिळ घरातली. फार नेटकी. तिनं केस चिमट्यानं उचलला, उजेडात धरला आणि म्हणाली, "मॅडम, हा कुणाचा? माणसाचा डीएनए मिसळेल यात." मी म्हटलं, काय माहीत. तिनं वहीत लिहिलं, 'मानवी केस, एक, काढला,' आणि तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी बघत राहिले. अगं, तुझा केस होता तो, आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. का नाही काढला, तेच सांगायला बसले आहे.

तुला आठवतं, दरवर्षी मे महिन्यात शहराबाहेरचा, शोळिंगनल्लूरच्या पलीकडचा तो तलाव आटला की आपण दोघी बसनं जायचो. आता तिथं काचेच्या इमारती आहेत, सॉफ्टवेअरवाल्यांच्या, तलाव बुजवला. तेव्हा नुसती भेगाळलेली जमीन असायची, आणि मधोमध ती दगडी पायरी. पायरीखालची चार बोटं माती तू उलथन्यानं खरवडायचीस. हो, उलथन्यानंच, स्वयंपाकघरातल्या. तू शिकवायचीस त्या कॉलेजातल्या मुलींना जुलैमध्ये ती माती भिजवून दाखवायचीस आणि उरलेली खाकी पाकिटात भरून ठेवायचीस, पाकिटावर वर्ष आणि जागा. पाकिटं पापडाच्या डब्याशेजारी. बाबा रेल्वेच्या ऑफिसातून आले की म्हणायचे, "एक दिवस ही माती पिठल्यात पडणार, आणि मी ती मुकाट्यानं खाणार." मी दुसरीत होते तेव्हा विचारलं होतं, आई, यातली अंडी मेली का गं? तू पोळी लाटत होतीस. म्हणालीस, "मेलेलं नाही ते. थांबलंय." मग माझ्यासाठी मूठभर माती गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदात टाकलीस आणि भिंग हातात दिलंस. त्या हौदात पाणपिसवा झाल्या, त्या पुढची आठ-नऊ वर्षं होत्याच. वीतभर पाणी, दुपारी हात घालवत नसे इतकं तापलेलं, उन्हाळ्यात आटून तळाला पापुद्रा धरलेला, आणि पावसाला पुन्हा त्या हजर. रविवारी शिकेकाईनं न्हाऊन तू त्याच हौदाच्या काठावर केस वाळवत बसायचीस.

तर तो शेवटचा मे. तू अंथरुणावर, मी अकरावीत. सकाळीच तू म्हणालीस, "तलावावर जाऊन ये. पायरीखालचीच आण, दुसरीकडची नको. एक वर्ष चुकलं की सगळं ओळीनं ठेवलेलं वाया." मी म्हटलं, माती आणण्यापेक्षा तुझ्याजवळ बसते. तू रागावलीस. "बसून मला काय बरं वाटणार आहे? जा म्हटलं की जायचं." मी रडत निघाले, बस स्टॉपवर उभी राहिले. बस आली. मी चढले नाही. खरं सांगू? मला वाटलं, मी तिकडे पोचेन आणि इकडे तू जाशील. तासभर कोपऱ्यावरच्या देवळाच्या सावलीत बसले, मग मागच्या जिन्यानं गच्चीवर गेले आणि हौदाचा तळ खरवडला. खाली येऊन पुडकं तुझ्या हातात दिलं. तू ते नाकाशी धरलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि म्हणालीस, "खळीची वाटी आण, पाकीट चिकटवते." मी आत जाऊन खळ आणली. पाकिटावर तू नुसतं वर्ष लिहिलंस, जागा नाही. आठ दिवसांनी तू गेलीस.

आता आमचं काम काय, ते ऐक. हवा तापत चालली आहे, हे आता सगळे बोलतात. प्रश्न असा, की जीव नुसते सोसतात की पिढ्या-पिढ्यांनी मुळातूनच बदलतात? ते कळायला जुने आणि नवे जीव शेजारी-शेजारी ठेवावे लागतात, आणि जुने आणणार कुठून? तू गेल्यावर तुझी पाकिटं ठेवली होती त्या ट्रंकेतून! तुझी पाकिटं मी प्रयोगशाळेत नेली तेव्हा आमचे प्रमुख अक्षरशः खुर्चीतून उठले. असा साठा देशात कुणाकडे नसेल, म्हणाले. प्रत्येक वर्षाच्या पिसवा जाग्या करायच्या, आणि लगेच मोजायचं नाही. सारख्या पाण्यात, सारख्या खाण्यावर दोन पिढ्या जाऊ द्यायच्या. कारण आई ज्या पाण्यात जगली त्याची खूण लेकीच्या अंगात उरते. आमच्यात म्हणतात, आधी आईचा हात धुऊन काढा, मग जे उरेल ते रक्तातलं. या सगळ्या बायकाच असतात, बरं का, नराशिवाय वितात, आणि लेक म्हणजे हुबेहूब आई. आरपार अंगातून पोटातल्या लेकीचा काळा डोळा दिसतो, तोही थरथरत असतो. रोज सकाळी बरण्यांसमोर उभी राहिले की मलाच कुणी मोजतंय असं वाटायचं.

मग पाणी हळूहळू तापवलं. सगळ्या वर्षांच्या पिसवा एकेक करून तळाशी बसल्या. तुझ्या शेवटच्या मेमधल्या फिरत राहिल्या, आरामात, जसं काही झालंच नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. जनुकं तपासली, तिथंही उष्णता सोसण्याची ठेवण वेगळी निघाली. प्रमुखांना आनंद मावेना. तलाव एका उन्हाळ्यात बदलला, असं लिहायचं ठरलं, निबंधाचा मसुदाही झाला. आणि मी गप्प. कारण पाकिटं देताना वहीत प्रत्येक वर्षासमोर जागा मी स्वतः लिहिली होती, शेवटच्यासमोरही: तलाव, दगडी पायरी. अकरावीतली पोर खोटं बोलली ते बोलली. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं ते पुन्हा शाईनं लिहिलं. लोक उद्या या निबंधावर पुढचं काम रचतील, आणि पायाशी माझी थाप. तरी वाटे, कोण शोधणार? हौद पाडला, तलाव बुजला, तू नाहीस.

गेल्या आठवड्यात ती मुलगी रिकाम्या पाकिटांचे फोटो काढत होती. माती काढताना आम्ही पाकिटं खालून कापतो, त्यामुळे वरची चिकटवलेली घडी तशीच राहिलेली. तुझी खळ वाळून गेली होती, घडी तिच्या हातात आपसूक उघडली. ती माझ्याकडे आली. "मॅडम, आत हिंदीत काहीतरी लिहिलंय." मी म्हटलं, हिंदी नाही, मराठी. मी पाकीट उजेडात धरलं. पेन्सिलीनं, तुझं ते उजवीकडे कललेलं अक्षर. तीन ओळी. मी खळ आणायला गेले तेवढ्यात लिहिल्या असणार. त्या अख्ख्या इमारतीत ते वाचू शकणारी मी एकटी. प्रयोगशाळेत यंत्रं घरघरत होती, पोरगी समोर उभी, तिच्यामागे त्या बरण्या. "काय लिहिलंय?" तिनं विचारलं. आई, मी काहीही सांगू शकले असते.

मी वाचलं. इंग्रजीत सांगितलं. 'जागा गच्चीचा हौद, तलाव नाही. ऊन फार होतं.' तिचे डोळे चमकले. म्हणाली, "म्हणजे या तलावातल्याच, पण तापलेल्या हौदात वाढलेल्या? आठ-नऊ वर्षांत एवढ्या बदलल्या?" पोर हुशार आहे, तुला आवडली असती. मी मात्र तशीच उठून प्रमुखांच्या खोलीत गेले आणि बस स्टॉपपासून वहीतल्या ओळीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. निबंधाचा मसुदा बाजूला ठेवला, हौदाचं वेगळं लिहू म्हणाले, आणि मला म्हणाले, "तेव्हा लहान होतात तुम्ही." एवढंच. मला ते फार लागलं.

परत आले तर ती मुलगी पाकीट धरून उभीच. "मॅडम, ही तिसरी ओळ?" मी म्हटलं, काही नाही गं, घरगुती आहे. तिसऱ्या ओळीत तू लिहिलं होतंस, 'पोरीला रागावू नये.' ती ओळ मी अजून कुणालाच वाचून दाखवलेली नाही. दाखवली असती तर सगळे हळहळले असते, आणि मला एकदा, कुणाकडून तरी, रागावून घ्यायचं होतं.