दोन रिव्हॉल्व्हरं आणि एक शुक्रवार

माबेला, मस्कत

जहूरभाईंना यूनुसचा सलाम.

तुमचा गुडघा अजून कुरकुरतो आणि तुम्ही त्याला तेल लावत नाही, हे शकीलाकडून कळलं. (तुमची बहीण माझी बायको असल्याने तुमच्या तब्येतीची बातमी मला तुमच्याआधी मिळते.) मी खुशाल आहे. कायमचा परत येतो म्हणालेला माणूस अजून आला कसा नाही, असं ती तुम्हाला रोज विचारत असेल. त्याचं कारण रिव्हॉल्व्हर आहे. घाबरू नका, माझ्यावर कोणी रोखलेलं नाही.

झालं असं, की नोकरी सोडतो हे सांगायला मी अल हैलला अर्बाबांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या घरी गेलो. मुद्द्याचं बोलायला जीभ रेटेना, म्हणून काचेच्या कपाटातल्या दोन रिव्हॉल्व्हरांची तारीफ केली. पाहुण्याने वस्तू वाखाणली की आमचे अर्बाब ती देऊन टाकतात, हे इतकी वर्षं काढूनही नेमकं तेव्हाच विसरलो. मी काय सांगायला आलोय ते त्यांनी ओळखलं असावं. म्हणाले, "यूनुस, एक तुम्हारा. पसंद करो, फिर घर जाओ."

आता पसंत कसं करायचं? दोन्ही जुळी भावंडं. दोन्हींचा घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढायचा, मगच चाप दाबायचा. (तेवढ्यात राग निवतो. तुमच्यासमोर म्हणू नये, पण शकीलाच्या तोंडाला अशी सोय हवी होती.) एकाची नळी नखभर लांब. दुसऱ्याची मूठ अक्रोडाच्या लाकडाची. तशी पहिल्याचीही अक्रोडाचीच, पण रंग जरा गडद. यातलं एकही मला गावी नेता येणार नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक आहे. त्यावर आम्ही बोलत नाही.

म्हणून दर शुक्रवारी नमाजानंतर तिथे जातो. अर्बाबांची मुलं परदेशात, घर मोठं. कहवा येतो, हलवा येतो, खिडकीतून समुद्राचा वारा येतो. एक रिकामं रिव्हॉल्व्हर त्यांच्या मांडीवर, एक माझ्या. ते डोळे मिटून त्यांच्या लहानपणीच्या खजुराच्या बागेत गेलेले असतात, आणि मी आपल्या खाडीच्या बांधावर: कमरेला रिव्हॉल्व्हर, माडावरची वानरं अदबीने खाली उतरताहेत, आणि मागून तुम्ही लंगडत येताय. मध्येच एक जण "नली लंबी अच्छी" म्हणतो, बऱ्याच वेळाने दुसरा "हां" म्हणतो. ऊन पडद्यावरून हळूहळू सरकतं. फार बरं वाटतं, भाई.

गेल्या शुक्रवारी मात्र मन घट्ट केलं आणि डावीकडचं उचललं. "खलास?" अर्बाबांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता. मग म्हणाले, "उजाला कम है. अगले जुम्मा फिर देखो." भर दुपार होती. मी ते निमूट परत ठेवलं.

घरातल्या लहानथोरांना दुआ-सलाम.

तुमचा,
यूनुस

ता. क. शकीलाला हे सगळं सांगू नका. निवड चालू आहे, इन्शाल्ला लवकरच येतो, एवढंच सांगा. ती तुमचं ऐकते.

आणखी एक ता. क. ती म्हणेल, मीच तिकडे जाते नि निवडून देते. काहीही करून तिला थांबवा. ती पहिल्याच शुक्रवारी निवडेल.