मंगळवारच्या तीन पिशव्या

ताकाओका, २१ ऑक्टोबर

प्रिय रेका,

"तुमच्या आळीत माणसांपेक्षा कचऱ्याला जास्त नियम आहेत," असं तू एकदा म्हणाली होतीस. आमच्या स्वयंपाकघरात बसून, दुधाची खोकी धुऊन, कापून, सपाट करून सुतळीने बांधता बांधता. मी इतकी हसले होते की कपातला चहा ओट्यावर सांडला. त्याला आता पंधरा वर्षं झाली. या वर्षभरात ते वाक्य मला रोज आठवतं आणि हसू काही येत नाही.

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन ओळी लिहायच्या असतात, आणि तुला त्याचा राग यायचा. "मैत्रिणीला लिहितेय की वेधशाळेला?" म्हणायचीस. म्हणून त्या ओळी गाळते. तुझा पत्ता मला, तू काम करायचीस त्या घंटांच्या कारखान्याच्या मालकांकडून मिळाला. तू दर नववर्षाला त्यांना कार्ड पाठवतेस हे मला ठाऊक नव्हतं. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, कानाने अधू झालेत, तरी घंटा घासून झाली की ती कानाशी धरून बघतातच. तुझं नाव काढलं तर म्हणाले, "त्या पोरीचा हात हलका होता." मग माझ्याकडे नीट पाहून, "तुम्ही तिच्या शेजारच्या ना?" एवढंच विचारलं आणि पत्ता लिहून दिला. मला कधी तुझं कार्ड आलं नाही, यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

मुद्द्यावर यायला आम्ही दोन डोंगर वळसा घालतो, हाही तुझाच टोमणा. तर बातमी आधीच सांगते. कुनिहिको तुझ्यानंतर पुन्हा लग्न करतोय. एप्रिलमध्ये. मुलगी माझ्या थोरल्या बहिणीची, तोकिएची, मिओरी. तू तिला ओळखतेस. सोळा वर्षांची, शाळेच्या गणवेशात, तुझ्याकडून हंगेरियन शिवी शिकून गेलेली. ती तिने वर्गात वापरली आणि अर्थ कोणालाच न कळल्यामुळे बाई तिला "छान उच्चार" म्हणाल्या. ती मिओरी. आता अठ्ठावीस वर्षांची आहे, दातांच्या दवाखान्यात काम करते, अजूनही तशीच हसते.

इथे तू कागद खाली ठेवला असशील. थोडा वेळ ठेव. पण पुन्हा उचल.

तू किती प्रेमाने आली होतीस इकडे! तुझ्या गावात नऊ वर्षं आमची भाषा शिकलीस, भिंतीवर आमच्या देशाचा नकाशा लावलास, आणि लग्न करून आलीस ती आमच्या आळीत, जिथे मुळा कुठल्या दुकानात चांगला मिळतो यापलीकडे कोणी काही बोलत नाही. पहिल्या वर्षी तुला सगळंच सुंदर वाटायचं. दुसऱ्या वर्षापासून तुझी यादी सुरू झाली, आणि ती ऐकायला मी दर गुरुवारी वाट बघायचे. डब्यातलं प्रत्येक बिस्कीट वेगळ्या कागदात का. बिनसहीचा शिक्का चालतो आणि बिनशिक्क्याची सही का चालत नाही. फोनवर बोलताना माझा नवरा भिंतीला वाकून नमस्कार का करतो. त्याची नक्कल करताना तू एकदा कपाळ फ्रिजवर आपटून घेतलंस. चार वर्षं चॉपस्टिकने जेवूनही हामादाकाकू दर वेळी "अगं बाई, किती छान जमतं गं तुला!" म्हणायच्या, तेव्हा तू मला म्हणालीस, "पुढच्या वेळी मी त्यांना म्हणणार आहे, काकू, तुम्हालाही छान जमतं." आणि खरंच म्हणालीस. आळीचा कचरा, बर्फ आणि वर्गणी बघणाऱ्या त्या बाईला असं आजवर कोणी बोललं नव्हतं. त्या महिनाभर घुश्शात होत्या. "परदेशी लोकांना अक्षरं वाचता येतात, चारचौघांतली हवा वाचता येत नाही," असं मला म्हणाल्या. आणि रेका, मी मान डोलावली होती.

सगळ्यात जास्त राग तुला यायचा तो आमच्या अर्धवट सोडलेल्या वाक्याचा. "ते जरा…" म्हणायचं आणि थांबायचं. घरमालक म्हणायचा, बँकेतला माणूस म्हणायचा, मी म्हणायचे. "जरा काय? जरा काय, चिगुसा? पुढचा शब्द कुठे असतो तुमचा? खिशात?" मी सांगायचे की पुढचा शब्द ऐकणाऱ्याने आपणच ओळखायचा, म्हणजे कोणालाच नाही म्हणावं लागत नाही. तू म्हणालीस, "आणि ज्याला नकार मिळतो, त्याला तो कोणी दिला तेही कळत नाही. झकास सोय आहे."

तुझा हा सगळा संताप मी जपून ठेवायचे आणि नववर्षाच्या जेवणाला तोकिएच्या घरी रंगवून सांगायचे. सगळे पोट धरून हसायचे. मिओरी तर "मावशी, रेकाताईची आणखी एक सांग ना" म्हणून मागे लागायची. मी प्रेमाने सांगायचे, यावर विश्वास ठेव. पण त्याचं पुढे काय झालं तेही सांगायचंच आहे.

कुनिहिकोबद्दल आळीत कोणालाच कधी तक्रार नव्हती. पाणीखात्यातली नोकरी, पांढरा शर्ट, हिवाळ्यात स्वतःच्या दारासमोरचा बर्फ काढून झाला की दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांच्या दारातलाही काढायचा. आपल्या घरांची भिंत एकच. संध्याकाळी साडेसहानंतर त्या भिंतीतून जे यायचं ते मी ऐकत होते. त्याचा आवाज कधी चढायचा नाही. वस्तूंचा यायचा. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग नळ. मी रेडिओ लावायचे. माझा नवरा रेडिओचा आवाज वाढवायचा. आम्ही एकमेकांशी त्याबद्दल आजतागायत बोललेलो नाही.

शेवटच्या हिवाळ्यात, जानेवारीत, मंगळवारच्या जाळायच्या कचऱ्यात तुझी पिशवी मागे राहिली. गाडीवाल्यांनी तिच्यावर लाल कागद चिकटवला होता: नियमाप्रमाणे वेगळा केलेला नाही. त्या महिन्यात कचऱ्यावर घालायच्या जाळीची पाळी माझी होती. मागे राहिलेली पिशवी उघडायची, काय चुकलंय ते बघायचं, आणि नाव असेल त्याच्या दारात परत ठेवायची, ही आमची पद्धत. तुझं नाव होतं, जाड काळ्या शाईत, नेहमीपेक्षा मोठं. हामादाकाकू तिथेच होत्या. आम्ही दोघींनी पिशवी उघडली. हे मी तुला कधीच सांगितलं नाही.

वर एक फुटलेली किटली होती, टॉवेलात गुंडाळलेली. टॉवेलवरचं रक्त वाळून तपकिरी झालं होतं. खाली कापसाचे बोळे. आणि एका पारदर्शक छोट्या पिशवीत तुझे केस. कापलेले नव्हते ते, मुळापासून आलेले होते, आणि एका टोकाला कातडीचा लहानसा तुकडा होता. हामादाकाकूंनी पाहिलं, मी पाहिलं. काकू म्हणाल्या, "काच जाळायच्या कचऱ्यात चालत नाही." मी म्हणाले, "हो ना." मी पिशवीला पुन्हा गाठ मारली आणि तुझ्या दारात ठेवली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा लाल कागद. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. तिसऱ्या पिशवीत तुझा चष्मा होता, आणि दाताचा अर्धा तुकडा औषधाच्या रिकाम्या पाकिटात ठेवलेला. तिसरी पिशवी परत ठेवताना मी आळीच्या छापील कागदावर "काच व धातू बुधवारी" या ओळीखाली लाल रेघ मारली आणि तो कागद तुझ्या टपालपेटीत टाकला. शेजारीण म्हणून मदत केली असं मला वाटलं. खरंच वाटलं.

हे मला कळायला किती वर्षं लागावीत? तू चार वर्षांत कचऱ्यात एकदाही चुकली नव्हतीस. आळीत सगळ्यात नेटकी पिशवी तुझी असायची. हामादाकाकू नव्या भाडेकरूंना "त्या परदेशी मुलीकडून शिका" म्हणायच्या. आणि तू एकाच महिन्यात तीनदा चुकलीस, तीही नेमकी माझ्या पाळीच्या महिन्यात. तुला ठाऊक होतं की चुकलेली पिशवी उघडली जाते. आम्ही तोंडाने बोलत नाही हे तुला पुरतं उमगलं होतं, म्हणून तू आमच्याच रीतीने सांगितलंस. केस वेगळ्या पिशवीत घालून ठेवायचं दुसरं काय कारण? तू आवरून, निवडून, आम्हाला दिसेल असं ठेवलं होतंस. आणि मी बुधवारी काच टाकायची आठवण करून दिली.

मग फेब्रुवारीत तू स्वतः आलीस. नेहमीसारखी मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने, चपला दाराकडे नीट वळवून ठेवून. तू बसलीस तेव्हा डोक्याला रुमाल होता. तुला घटस्फोट हवा होता, पण त्यात दोष तुझाच ठरू नये आणि इथे राहता यावं, घंटांचं काम सोडावं लागू नये, म्हणून कचेरीतल्या माणसाने शेजाऱ्यांपैकी कोणाचं तरी लेखी मागितलं होतं. "तू ऐकलंस तेवढंच लिही. एक ओळ. आणि शिक्का," असं तू म्हणालीस. मी चहा केला. वाटीत मुळ्याचं लोणचं काढलं. मग म्हणाले, "ते जरा…"

त्या दिवशी तू पुढचा शब्द विचारला नाहीस. तू जमिनीला हात टेकून वाकलीस, इतकं बरोबर की आमच्यापैकी कोणालाही जमलं नसतं, आणि म्हणालीस, "तुम्हाला त्रास दिला." पहिल्यांदाच मला तुम्ही म्हणालीस. बारा दिवसांनी तू घर सोडून गेलीस. कुनिहिको दारोदार रुमालाची खोकी घेऊन आला, "बायकोला इथलं मानवलं नाही, आपल्याला गैरसोय झाली असेल तर माफ करा." आम्ही सगळ्यांनी रुमाल घेतले.

आता मिओरीचं. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, पितरांच्या दिवसांत, ती आणि तोकिए माझ्याकडे आल्या होत्या. कुनिहिको कलिंगड घेऊन दारात आला. मीच त्याला आत बोलावलं, कारण दारात कलिंगड घेऊन उभ्या माणसाला आत न बोलावणं शोभलं नसतं. मीच चहा ओतला. वर्षभराने, लग्न ठरत आलं तेव्हा, तोकिएने मला रीतीप्रमाणे विचारलं, "तुझ्या शेजारचा आहे, पंधरा-सोळा वर्षं बघतेस. कसा माणूस आहे?" आणि माझ्या तोंडून जे आलं ते मी तुला जसंच्या तसं लिहिते: "शांत माणूस आहे. बर्फ काढून देतो."

त्यानंतर मी तीन आठवडे जेवू शकले नाही. या महिन्याच्या सुरुवातीला तोकिएकडे गेले आणि सगळं सांगितलं. भिंत, तीन पिशव्या, केस, दात. मिओरीही बसली होती. तोकिए ऐकून घेऊन म्हणाली, "बारा वर्षं गप्प होतीस. मागच्या महिन्यात मी विचारलं तेव्हा गप्प. आणि आता सगळीकडे कळवून झाल्यावर बोलतेस? तुला पोर झालं नाही, म्हणून माझ्या पोरीचं बघवत नाही का?" यातलं शेवटचं वाक्य मी सहन केलं, कारण आधीची सगळी खरी होती. पण मिओरी जे बोलली ते सहन होत नाही. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "मावशी, कुनिहिकोसाननी मला सगळं सांगितलंय. रेकाताईंना इथलं काहीच सोसायचं नाही. बिस्किटाच्या कागदावरूनसुद्धा चिडायच्या. तूच तर सांगायचीस! वस्तू त्याच फेकायच्या म्हणे." आणि माझा हात थोपटला. तुझ्या गमती सांगून सांगून तुझ्याविरुद्धचा पुरावा मीच बारा वर्षं त्या घरात साठवला होता.

मी जे पाहिलं ते लिहून, शिक्का मारून मिओरीला पाठवलं. पाकीट न उघडता परत आलं. हामादाकाकूंकडे गेले. त्या नव्वदीच्या आहेत, डोकं शाबूत आहे. म्हणाल्या, "मला आठवतं ते काचेचं." दोन आठवड्यांपूर्वी मिओरीच्या मनगटावर पट्टी दिसली. दवाखान्यात उकळत्या भांड्याचा चटका बसला म्हणाली. बसलाही असेल. तिच्या आईने पट्टी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या घरात आता माझ्या शब्दाला काही किंमत उरलेली नाही, आणि ती मीच घालवली. तुझ्या शब्दाला अजून असू शकते. मिओरी तुझं अक्षर ओळखते; तिच्या सोळाव्या वाढदिवसाला तू लिहिलेलं कार्ड तिच्या आरशाला खोचलेलं मी या महिन्यातही पाहिलं. माझं पाकीट तिने परत केलं, तुझं ती उघडेल असं मला वाटतं. म्हणून हे पत्र. तुझ्यावर काय काय ओढवलं ते तू तिला लिहावंस. आमच्या भाषेत, तुझ्या हाताने, एकही वाक्य अर्धवट न सोडता. मी तुला एक ओळ दिली नाही आणि तुझ्याकडे पानं मागतेय, हे मला कळतं. ते दिवस तुला पुन्हा काढायला लावतेय, तेही अशा मुलीसाठी जी तुझ्या नावाने हसत मोठी झाली. तू नाहीही म्हणशील. तसं झालं तर उत्तर पाठवायचे कष्ट घेऊ नकोस, मी समजेन, आणि तुला दोष देणार नाही. पण तिचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवला आहे. एप्रिलच्या सहा तारखेला लग्न आहे. लिहिशील का?

तुझीच, पलीकडच्या घरातली
चिगुसा